मुलांचा चष्म्याचा नंबर वाढतोय? डोळ्याची लांबी विचारा

माझा नंबर मायनस आठ. चष्मा काढला की आरशातली मीच मला धुक्यात उभी असल्यासारखी दिसते. त्यामुळे लेकीला सातव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा घरात सगळ्यांनी "आईवर गेलीय" म्हणून विषय मिटवला, आणि खरं सांगायचं तर मीही मिटवला. तिच्या आवडीच्या निळ्या काड्यांचा चष्मा आणला, फळा दिसायला लागला, झालं. दहा महिन्यांनी मायनस १.२५ चा नंबर मायनस २.२५ झाला. मग कुठे लक्षात आलं, की चष्म्यामुळे तिला दिसायला लागलं होतं, पण नंबर वाढू नये यासाठी आम्ही काडीचंही काही केलं नव्हतं.

आज ती अकरा वर्षांची आहे आणि नंबर मायनस ३ आहे. म्हणजे पहिल्या दहा महिन्यांत एक नंबर, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत पाऊण. तिचा नंबर आपोआपही मंदावला असता का, हे एका मुलीवरून कुणी सांगू शकणार नाही. पण आम्ही काय केलं, कशात चुकलो आणि डॉक्टरांना काय विचारायचं हे उशिरा का होईना कळलं, ते सांगते.

आधी, वाढतं ते नेमकं काय?

नंबर वाढतो म्हणजे डोळा लांब होतो. जन्मतः बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २३-२४. तिथे थांबायचं सोडून तो वाढतच राहिला, तर लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. आणि एकदा ताणलेला डोळा पुन्हा आखूड होईल अशी आशा धरायची नाही.

"मोठी झाली की लेसर करून टाकू" हे वाक्य मला किमान दहा जणांनी ऐकवलंय. लेसरनं डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग घासून त्याचा आकार बदलतात. चष्मा जातो, पण डोळा आतून तेवढाच लांब आणि पडदा तेवढाच ताणलेला राहतो. मायनस सहाच्या पुढे पडदा सुटणं, पडद्याचा मधला भाग झिजणं, काचबिंदू, लवकर मोतीबिंदू यांचा धोका बराच वाढतो. नंबर जितक्या लहान वयात लागतो, तितकी त्याला वाढायला वर्षं जास्त मिळतात. म्हणून सातव्या वर्षी लागलेला सव्वा नंबर हा चौदाव्या वर्षी लागलेल्या सव्वा नंबरापेक्षा कितीतरी जास्त काळजीचा.

तपासणी थेंब घालूनच

पहिल्यांदा एका चष्म्याच्या दुकानात मशीनसमोर बसवून लेकीला मायनस १.७५ सांगितला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासला तर १.२५ निघाला. मुलांच्या डोळ्यांतले फोकस करणारे स्नायू फार जोरकस असतात. तपासताना ते आखडलेले असले तर नंबर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, काही मुलांना तर नसलेला नंबरही दिसतो. थेंबांनी ते स्नायू काही तास सैलावतात आणि खरा नंबर समजतो. थेंब चुरचुरतात, नंतर जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत टोचतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर तपासणीची तारीख पुढे ढकला आणि जाताना टोपी घेऊन जा.

त्याच वेळी डोळ्याची लांबी, म्हणजे अ‍ॅक्सियल लेंग्थ, मोजून मागा. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्याला काहीच लागत नाही, काही सेकंदांत आकडा येतो. प्रत्येक दवाखान्यात हे यंत्र नसतं. जिथे असेल तिथेच दर वेळी मोजा, कारण यंत्र बदललं की आकड्यात थोडा फरक पडू शकतो. मी दोन्ही डोळ्यांचे आकडे एका वहीत लिहिते. तिच्या उजव्या डोळ्याचे हे आकडे, आठव्या वर्षापासून वर्षागणिक: २४.०८, २४.३२, २४.४६, २४.५८. या वयात चष्मा नसलेल्या मुलाचा डोळाही वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून शून्याची वाट बघू नका. ०.२४ वरून ०.१२ वर येणं हीच आमची कमाई.

दोन तास उघड्यावर

हा सगळ्यात साधा उपाय आणि सगळ्यात अवघड. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास जास्तीचा ठेवला. तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, झाला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. तैवाननं तर २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा कार्यक्रमच राबवला.

खेळ कुठला याला महत्त्व नाही, उजेडाला आहे. घरात दिवे लावूनही ३००-५०० लक्स (हे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार. भरपूर उजेडात पडद्यामधून डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याची लांबी वाढण्याला लगाम घालतं, असं संशोधक मानतात. म्हणून खिडकीशी बसून भागत नाही. टोपी घातली तरी मात्र चालतं, भर उन्हात करपण्याची गरज नाही.

आमचे दोन तास एका दमात कधीच झाले नाहीत. शाळेत चालत जाण्यायेण्याचे चाळीस मिनिटं, मधल्या सुट्टीत वर्गात बसायचं नाही ही ताकीद, पाठांतर घराबाहेरच्या पायऱ्यांवर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत खेळ. परीक्षेच्या आठवड्यांत हे कोलमडतंच. तेव्हा मी आठवड्याचे चौदा तास धरते आणि रविवारी भरपाई करते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाहेर राहण्याचा मोठा फायदा नंबर लागण्याआधी होतो, लागल्यावर तो कमी भरतो. म्हणून घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्याकडे आजच बघा. माझ्या मुलाची सहाव्या वर्षी थेंब घालून तपासणी केली तेव्हा प्लस ०.५० निघाला. मला हायसं वाटलं, डॉक्टरांना नाही. त्या वयाच्या मुलाकडे थोडा प्लस नंबर शिल्लक असावा लागतो, तो ०.७५ किंवा त्याहून कमी असेल तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त. आईला किंवा वडिलांना नंबर असेल तर ती आणखी वाढते. त्यामुळे दोन तासांचा नियम आमच्याकडे त्याच्यासाठी जास्त कडक आहे, आणि हा अन्याय आहे असं तो रोज म्हणतो.

वाचन बंद करू नका, अंतर वाढवा

मूठ हनुवटीखाली ठेवायची आणि कोपर पुस्तकावर टेकवायचं. एवढं अंतर हवंच. अर्ध्या तासानं उठून लांब कुठेतरी बघून यायचं. झोपून वाचताना पुस्तक नकळत नाकाशी येतं, म्हणून झोपून वाचायला आमच्याकडे बंदी आहे. ती मोडणारी मी पहिली. व्हिडिओ बघायचाच असेल तर फोनपेक्षा लांबचा मोठा टीव्ही बरा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघण्याचा जो नियम सगळीकडे सांगतात, त्यानं डोळ्यांचा थकवा उतरतो, पण नंबर थांबतो असं सिद्ध झालेलं नाही.

आणि चष्मा पूर्ण नंबराचा. "थोडा कमी द्या, म्हणजे डोळा आळशी होणार नाही" हा सल्ला मी लहान असताना माझ्या आईनं मानला होता. मलेशियात मुलांवर करून बघितलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला.

उपचार

साध्या चष्म्यानं दिसतं, वाढ थांबत नाही. वाढ मंदावणाऱ्या काचा वेगळ्या: मधून स्वच्छ आणि भोवती शेकडो बारीक भिंगं. हाँगकाँगमध्ये अशा एका प्रकारच्या काचांची दोन वर्षं चाचणी झाली. साध्या काचांच्या तुलनेत नंबराची वाढ ५२ टक्क्यांनी आणि लांबीची ६२ टक्क्यांनी कमी भरली. लेकीला आठव्या वर्षी तसल्याच काचा घातल्या. पण चष्मा नाकावरून घसरला की बाहुली मधल्या स्वच्छ भागासमोर राहत नाही आणि मूल भिंगांमधून बघत बसतं. आमची फ्रेम दोन महिने घसरत होती आणि मला ते कळलंच नाही. नाकावर घट्ट बसणारी फ्रेम घ्या, उठल्यापासून झोपेपर्यंत घालायला लावा.

पहिल्या वर्षी अर्धा नंबर वाढला, तेव्हा डॉक्टरांनी रात्री झोपताना घालायचे अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब जोडले. तेव्हापासूनच्या दोन वर्षांत मिळून पाव नंबर. हाँगकाँगच्याच एका चाचणीत ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशा तीन मात्रांमध्ये ०.०५ सर्वांत परिणामकारक ठरली. मात्रा वाढवली तर बाहुली जास्त मोठी होते, उजेड खुपतो, जवळचं वाचताना त्रास होऊ शकतो. म्हणून कुणाला किती हे डॉक्टरच ठरवणार. मुलाला आडवं झोपवून एक थेंब टाका आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटानं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली धाकट्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, अ‍ॅट्रोपिन पोटात जाणं धोक्याचं असतं. मनानं बंदही करू नका. एकदम थांबवल्यावर नंबर उसळी मारतो, आणि मात्रा जितकी जास्त तितकी ही उसळी मोठी.

कॉन्टॅक्ट लेन्समध्येही दोन मार्ग आहेत: दिवसा घालायच्या खास लेन्स, आणि रात्री घालून सकाळी काढायच्या कडक लेन्स, म्हणजे ऑर्थो-के. दोन्हींचा उपयोग होतो. ऑर्थो-के लेन्सला नळाचं पाणी लागू द्यायचं नाही, आणि डोळा लाल झाला किंवा दुखला तर लेन्स काढून लगेच डॉक्टरकडे जायचं, कारण जंतुसंसर्गानं दृष्टी जाऊ शकते. माझ्या लेकीचे हात कधी धुतलेले असतात हे मला माहीत असल्यानं आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

निळा प्रकाश अडवणारे चष्मे, भोकाभोकांचे चष्मे, डोळे गोल फिरवण्याचे व्यायाम यांनी नंबर कमी होत नाही. लाल प्रकाशात रोज बघायला लावणारी यंत्रंही निघाली आहेत. नंबर मंदावतो असे निष्कर्ष आहेत, पण एका मुलीच्या पडद्याला इजा झाल्याची नोंदही आहे, म्हणून मी नको म्हटलं.

हे सगळं किती वर्षं चालवायचं? साधारण निम्म्या मुलांचा नंबर सोळाच्या सुमारास स्थिरावतो, बाकीच्यांचा त्यानंतर. तोवर दर सहा महिन्यांनी तपासणी. आणि मोठा नंबर असलेल्या कुणालाही, मूल असो की आई, डोळ्यासमोर अचानक चमका दिसल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. माझा पडदा मी वर्षातून एकदा तपासून घेते, लेकीच्या तपासणीच्याच दिवशी, म्हणजे निदान माझी तारीख चुकत नाही.