कापड दुकानात नव्यानं लागताय? 'बदलून देऊ' म्हणायच्या आधी वाचा

नवी पेठ असो की चाटी गल्ली, सोलापुरात कापड दुकानात कामाला लागणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. घडी मोडणं, माल काढणं, गिऱ्हाईक बसलं की पाणी विचारणं हे आठवड्याभरात हाताला येतं.

आपण अडकतो ते दुसरीकडेच. गिऱ्हाईक रंगावर अडलं की आपण म्हणतो, "न्या की ओ, नाही आवडलं तर बदलून देऊ." साडी खपते. चार दिवसांनी मंगळवेढ्याची ती बाई एसटीनं परत येते, तेव्हा काउंटरवाला बिलावरचा शिक्का दाखवतो, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ती तुम्हाला शोधत येते, कारण शब्द तुम्ही दिलेला असतो. माझ्या पहिल्या दुकानात हे वरचेवर व्हायचं. मालक "उद्या या" म्हणून मोकळा, बोलणी मला. तो 'उद्या' त्या बाईला केवढ्याला पडतो? जाण्यायेण्याचं तिकीट, बुडालेला रोज, वर घरच्यांचे टोमणे. आपल्याकडे अक्कलकोट, मोहोळपासून पार विजयपूर, कलबुर्गीची माणसं बस्ता बांधायला येतात. एक बाई दुखावली की भावकीतले पुढचे बस्ते शेजारच्या दुकानात गेलेच म्हणून समजा.

म्हणून बदलीचा शब्द द्यायच्या आधी काउंटरला विचारा. हो म्हणाले, तर बिलावरच पेनानं लिहून घ्या: किती दिवसांत, घडी आणि लेबल कसं हवं, माल बदलून मिळेल की पैसे. खाली काउंटरवाल्याची सही. लग्नसराईत सकाळी एक जण गल्ल्यावर असतो, संध्याकाळी दुसरा. तोंडी शब्द दोघांच्या मधे मरतो. काउंटर नाही म्हणालं, तर गिऱ्हाइकाला तिथंच स्पष्ट सांगा. विक्री गेली तरी जाऊ द्या.

रंग न आवडणं आणि माल खराब निघणं यांत गल्लत करू नका. पहिलं दुकानाच्या मर्जीवर. दुसऱ्याला कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिल न देणंही त्यातच येतं. तिथं शिक्का चालत नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आता गावोगावी माहीत झालीय.

'गिऱ्हाईक रिकामं जाता कामा नये' एवढंच शिकवणाऱ्याला गुरू करू नका, हे माझं ठाम मत. गुरू करा तो इरकल घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जाणारा. ट्यूबलाइटखाली गडद निळं आणि काळं एकच दिसतं. तो उन्हाच्या उजेडात साडी पूर्ण उलगडतो, पदर पालथा करून सुटलेला धागा बघतो, "पहिली धुणी वेगळी करा, रंग जाईल" हेही आपणहून सांगतो. चादर बाहेरगावची असेल तर 'सोलापुरी' म्हणून खपवत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं, आणि या गावात तर घराघरात माग बघितलेली माणसं आहेत, हात लावला की त्यांना कळतं. अशा माणसाकडची विक्री सुरुवातीला कमी वाटते, पण नाव घेऊन येणारी गिऱ्हाइकं त्याचीच असतात.

बिलासाठी मोबाइल नंबरचा हट्ट धरू नका. असा आग्रह करू नये असं केंद्रानं 2023 मध्ये दुकानदारांना बजावलंय. रोज ऑफरचे मेसेज पाठवून कुणी आपलं होत नाही.

कन्नड, तेलुगू येत नाही म्हणून घाबरू नका. 'एष्टु' आणि 'एंता' म्हणजे भाव विचारतायत एवढं कळलं तरी सुरुवात होते. बाकीचं गिऱ्हाईकच शिकवतं, तेही हसतखेळत. पहिले काही महिने पाय सुजतात, रडू येतं, ते कमी होतं.

कामाला लागताना पगाराबरोबर एक विचारा: मालक नसताना माल बदलून द्यायचा अधिकार कुणाला? "ते बघू" असं उत्तर आलं, तर दिवाळी किंवा गड्ड्याच्या यात्रेआधी (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) दुसरं दुकान शोधत फिरा. तेव्हा बऱ्याच दुकानांना माणसं लागतात.