जोडीदाराला घोड्यांची गोडी कशी लावावी

सातारा जिल्ह्याला घोडा नवा नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली की वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, पालीच्या खंडोबाचे वाहनच घोडा आहे, आणि पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवण्यावर अनेक घरांच्या चुली चालतात. तरीही घोडा पाहणे आणि घोड्याशी वागता येणे यांत बरेच अंतर असते. दोघांपैकी एकाला घोड्यांचे वेड आणि दुसऱ्याला त्यांची भीती किंवा नुसतीच उदासीनता, अशी जोडपी म्हणूनच आपल्याकडेही आढळतात. ज्याला किंवा जिला हे वेड आहे, त्यांनी नवऱ्याला, बायकोला अथवा लग्न ठरलेल्या व्यक्तीला त्यात कसे सामील करून घ्यावे, हे येथे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: जोडीदाराला घोड्याच्या पाठीवर बसवण्याची घाई करू नये, आधी पागेतल्या, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यातल्या, कामात वाटा द्यावा.

याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. फलटण, माण आणि खटाव भागांतील मेंढपाळ धनगर कुटुंबे पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात, तेव्हा त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. पुरुष मेंढरांमागे चालतात, तर घोडे लादणे, हाकणे आणि मुक्कामी सामान उतरवून वाडा, म्हणजे तळ, मांडणे ही कामे बहुतांशी बायकांच्या हाती असतात. त्या घरात घोडा हा एकाचा छंद नसतो, कारण त्याच्या कामाची विभागणी आधीच झालेली असते. हौशी जोडप्यांनी हीच विभागणी आपल्या बेताने करायची आहे.

आधी विचारावे, मग न्यावे

जोडीदाराला डोळे झाकून पागेत नेऊन चकित करण्याची कल्पना सोडून द्यावी. सुमारे चारशे किलो वजनाचे जनावर अचानक समोर आले, तर धीट माणूसही मागे सरतो, आणि तो मागे सरलेला क्षण पुढे बराच काळ आडवा येतो. त्याऐवजी घरी निवांत बसून विचारावे. लहानपणी कधी लाथ बसली होती का, कुठे पडणे झाले होते का, जत्रेत बुजलेला घोडा पाहिला होता का? भीतीचे कारण कळले की पहिल्या भेटीचा बेत आपोआप ठरतो. दमा, प्राण्यांच्या केसांची अॅलर्जी आणि कंबरेचे दुखणे यांचीही चौकशी करावी. गरोदरपणात स्वारी टाळावी. पागेत वावरणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, कारण लिदीत आणि मातीत त्या रोगाचे जंतू असतात.

पहिली भेट जमिनीवरूनच

रिंगणाला जोडीदाराला जरूर घेऊन जावे, पण ते लांबून पाहण्यासाठी. एका अश्वावर भगवी पताका घेतलेला स्वार असतो आणि माउलींच्या अश्वावर कोणीच बसत नाही. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. ते दौडून गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकऱ्यांची झुंबड उडते, आणि घोड्याविषयी आपल्या लोकांच्या मनात काय आहे हे त्या काही मिनिटांत कोणी न सांगता समजते. मात्र एवढ्या गर्दीत घोड्याची जवळून ओळख होत नाही. लग्नाच्या वरातीतल्या घोड्याचेही तेच आहे, कारण बँड आणि फटाके यांच्यामध्ये उभ्या असलेल्या जनावराचा स्वभाव कळत नसतो.

टेबल लँडवरच्या फेरीबद्दल माझे मत जरा कडक आहे. तेथे घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, हंगामात जनावर दिवसभर फेऱ्या मारून दमलेले असते, आणि बसणाऱ्याला फोटोपलीकडे फारसे काही मिळत नाही. सहलीची मजा म्हणून ती फेरी ठीक आहे. आवड रुजवण्यासाठी ओळखीची शांत पागा बरी. तेथे सकाळी जावे आणि घोड्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाऊन झाल्यानंतर जावे. तोबरा (चंदीची पिशवी) समोर दिसत असताना गरीब घोडाही धुसफुस करतो आणि नवख्या माणसाला तो रागीट वाटतो. भेटीसाठी वयाने पोक्त आणि माणसांची सवय असलेली घोडी निवडावी. आपला लाडका पण चंचल घोडा कितीही देखणा असला, तरी त्या दिवशी त्याला थाणावरच, म्हणजे बांधायच्या जागीच, ठेवावे.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यातल्या घोड्याविषयीच्या अर्ध्या भागाला घोड्याच्या डोळ्यांच्या रचनेत आधार आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण शेपटीच्या थेट मागचा भाग आणि कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग त्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून अचानक स्पर्श झाला की तो आधी लाथ झाडतो. म्हणून जोडीदाराला डाव्या खांद्याच्या दिशेने, थोडे तिरपे, हलक्या आवाजात बोलत जवळ जायला शिकवावे. पहिला हात नाकावर न ठेवता मानेवर किंवा खांद्यावर ठेवावा. कान पुढे असले तर घोड्याचे लक्ष आहे, सैल बाजूला पडले असतील तर तो आरामात आहे, आणि मानेला चिकटून मागे गेले तर दोन पावले मागे यावे. एवढी कानांची भाषा समजली की भीती निम्म्याने कमी होते, कारण भीती मुख्यतः पुढे काय होणार हे न कळण्याची असते.

खराऱ्यापासून सुरुवात

यानंतर खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासायची दातेरी फणी, जोडीदाराच्या हाती द्यावा. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच लोक मोतद्दारावर (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकरावर) सोपवून मोकळे होतात. खरारा करताना माणूस घोड्याच्या अगदी जवळ असतो, हाताला काम असते, आणि जनावराला सुख वाटत असल्याचे लगेच दिसते: मान खाली येते, ओठ सैल पडतो, मागचा एक पाय विसावतो. मानेपासून मागे, स्नायूंच्या भागावर गोलाकार हात फिरवावा, मग ब्रशने केसांच्या दिशेने धूळ काढावी. पाठीचा कणा, गुडघ्याखालचे पाय आणि तोंड या हाडकुळ्या जागांवर लोखंडी खरारा वापरू नये. तेथे मऊ ब्रश किंवा ओले फडके पुरते. घोड्याच्या मागच्या बाजूने पलीकडे जायचे असेल, तर हात त्याच्या पुठ्ठ्यावर (शेपटीजवळच्या मांसल भागावर) ठेवून अंगाला लागून जावे किंवा लाथेच्या टप्प्याच्या पूर्ण बाहेरून जावे. मधले अंतर सर्वांत धोक्याचे असते.

खूर उचलून साफ करणे पुढच्या भेटीत शिकवावे. पायाजवळ कधीही जमिनीवर बसू नये, वाकून उभे राहावे. दोरी हाताभोवती गुंडाळू नये, घडी करून मुठीत धरावी. बांगड्या, अंगठी, लांब मंगळसूत्र आणि ओढणी यांचा बंदोबस्त आधीच करावा. चपला तर पागेच्या बाहेरच राहाव्यात, कारण घोड्याचा पाय माणसाच्या पायावर पडणे हा पागेतला नेहमीचा अपघात आहे.

या दिवसांत वेड असलेल्या जोडीदाराने तोंड आवरणे हे अवघड काम आहे. कुमैत, अबलख, पंचकल्याणी हे रंग-खुणांचे प्रकार, रवाल चाल, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे शुभाशुभ, सगळे एकाच दुपारी सांगण्याचा मोह होतो. विचारले तेवढेच सांगावे.

पाठीवर बसण्याची वेळ

जोडीदार स्वतःहून ‘बसून बघू का?’ असे विचारेपर्यंत थांबावे. स्वाराचे आणि सामानाचे एकूण वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडची भीमथडी तट्टे बांध्याने लहान असतात. ती काटक आहेत म्हणून भारदस्त माणसाला त्यांच्यावर बसवू नये. डोक्यावर हनुवटीखाली पट्टा असलेले स्वारीचे हेल्मेट हवे आणि पायात छोटी टाच असलेले बंद बूट हवेत. टाच नसली तर पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार सरकते आणि पडलेला स्वार फरफटत जाण्याची भीती राहते. रिकिबीत चवड्यापर्यंतच पाय घालावा. बरेच घोडे खोगीर चढवताना पोट फुगवून धरतात, म्हणून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदा आवळून काही पावले घोडा चालवावा आणि मग पुन्हा आवळावा.

पहिल्या वेळी लांब दोरीवर, कुंपण असलेल्या जागेत, फक्त कदम चालीने पंधरा-वीस मिनिटे फिरवणे पुरे. दुडकी, म्हणजे हलक्या धावेची चाल, पुढच्या वेळी. लगाम हा तोल सावरण्याचा दांडा नाही हे पहिल्याच दिवशी बिंबवावे. तोल जातोसे वाटले तर आयाळ धरावी, तिने घोड्याला दुखत नाही.

शिकवण्याचे काम मात्र तिसऱ्या माणसावर सोपवावे. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला मोटार शिकवताना घरात काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. अनुभवी शिक्षकाने ‘टाचा खाली’ असे दहा वेळा म्हटले तर तो धडा ठरतो. जोडीदाराने तेच तिसऱ्यांदा म्हटले की तो टोमणा ठरतो.

दोघांची रपेट

दोघे मिळून बाहेर पडायचे ठरल्यावर वेग कमी अनुभव असलेल्या स्वाराचा धरावा. घोडा कळपातला प्राणी असल्यामुळे पुढचा घोडा भरधाव सुटला की मागचाही सुटतो, मग वरचा स्वार तयार असो वा नसो. म्हणून मुभा मागितल्याशिवाय चाल वाढवू नये आणि दोन घोड्यांमध्ये किमान एका घोड्याइतके अंतर ठेवावे. वाटेचा विचार हंगामानुसार करावा. कराड, वाई आणि कोरेगावकडच्या बागायती पट्ट्यात उसाचे गळीत सुरू असताना रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि त्यांवरची मोठ्याने लावलेली गाणी असतात. नवख्या स्वाराने त्या महिन्यांत डांबरी रस्ता टाळून शेतातल्या मातीच्या वाटा धराव्यात, अर्थात मालकाला विचारून. माण-खटावच्या माळांवर वाट मोकळी मिळते, पण ऊन लवकर चढते, त्यामुळे सूर्य वर येण्याआधी निघून वेळेत परतावे. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला पावसाळ्यात जांभा दगड शेवाळलेला आणि निसरडा असतो. तेव्हा तेथे रपेटीचा बेतच करू नये.

बसायचेच नसेल तर

काही माणसांना घोडा आवडतो, पण त्यावर बसावेसे वाटत नाही, आणि त्यात काहीही कमी नाही. पागेत डोके वापरण्याची कामे पुष्कळ असतात. घोड्याचे नेहमीचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते, विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16. आपल्या घोड्याचे हे आकडे नियमित लिहून ठेवणारा माणूस दुखणे सर्वांआधी ओळखतो. पोटशुळाची लक्षणेही त्याने पाठ करावीत: खाणे सोडणे, लीद बंद होणे, पुन्हा पुन्हा कुशीकडे पाहणे, पायाने जमीन उकरणे, लोळणे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातला बिघाड जिवावर बेतू शकतो आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे लागते. चाऱ्याकडे पाहणारे कोणीतरी हवेच. आपल्याकडे उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) मुबलक मिळते म्हणून गुरांसारखे घोड्यालाही नुसत्या वाढ्यावर ठेवण्याचा मोह होतो, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे घोड्याच्या शरीराला कॅल्शियम कमी पडू शकते. चांगला कडबा, हरळी, थोडा लसूणघास, भिजवलेला हरभरा आणि खनिज मिश्रण असा बेत असावा, आणि खाण्यातला कोणताही बदल आठवडाभरात हळूहळू करावा.

स्वतःचा घोडा घेण्याआधी

मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. जोडप्याने निदान एक पावसाळा, एक उन्हाळा बारगीर म्हणून काढावा, म्हणजे दुसऱ्याच्या पागेत पैसे देऊन शिकावे आणि कामही करावे. शिलेदारीचा विचार त्यानंतर. कारण घोडा नीट सांभाळला तर 25 ते 30 वर्षे जगतो. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे 8 किलो कोरडा चारा आणि चंदी, तसेच 25 ते 45 लिटर पाणी लागते. रोज पंधरा-वीस किलो लीद काढावी लागते, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो, आणि मोतद्दार रजेवर गेला तरी घोडा रजेवर जात नाही.

म्हणून हा हिशेब दोघांनी एकत्र बसून मांडावा. महिन्याचा खर्च कोणाच्या पगारातून जाईल, दिवाळीला गावी गेल्यावर चंदी कोण घालील, घरात सासू-सासरे असतील तर त्यांना काय सांगायचे, आणि मूल झाल्यावर सकाळची पाळी कोणाची, ही उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. घोडा पसंत पडल्यावर सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात किंवा ओळखीच्या मालकाकडे लगेच इसार देऊ नये. पशुवैद्यकाकडून दात, डोळे, पाय, श्वास आणि चाल तपासून घ्यावी, आणि रक्ताची चाचणी करून ग्लँडर्स व सरा हे रोग नसल्याची खात्री करावी; ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो. तपासणीला दोघांनीही हजर राहावे, शंका दोघांनीही विचाराव्यात, आणि चाचणीचा अहवाल हाती आल्यावरच पैसे द्यावेत.