परिसरातील फळझाडे: ती ओळखावी, नोंदवावी आणि वाटून घ्यावी कशी

फळझाड शोधायला निघालेला माणूस सहसा वर फांद्यांकडे पाहत चालतो, पण पहिली खूण बहुतेक वेळा पायाशीच सापडते. तुतीखालचा पदपथ काही आठवडे जांभळ्या डागांनी भरलेला असतो. जांभळाखाली चिरडलेल्या गराचा आणि बियांचा सडा पडतो. एखाद्या भिंतीच्या कडेला चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या, तर जवळपास वटवाघळांना आवडणारे फळ पिकले आहे असे समजावे. (पाखरांनी किंवा वटवाघळांनी चावलेले फळ मात्र धुऊनसुद्धा खाऊ नये.) अशी जागा दिसताच थांबावे, वर पाहावे आणि तारीख लिहून ठेवावी, कारण फळांचा काळ थोडा असतो आणि पुढच्या वर्षी नेमके कधी यायचे हे ती तारीखच सांगणार असते.

माझ्या मते झाडाची खरी ओळख ते फळांनी लगडलेले असताना होत नाही, फळ नसताना होते. वर्षातले बहुतेक महिने झाड नुसत्या पानांनिशी उभे असते आणि त्या काळात ते ज्याला ओळखता येते, त्याच्या वहीतली नोंद भरवशाची असते. त्यासाठी तीन गोष्टी पाहण्याची सवय लावावी: पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल कशी आहे, आणि पान चुरगाळल्यावर वास कोणता येतो.

पेरूचे झाड सालीवरूनच ओळखू येते. तिचे पातळ पापुद्रे सुटतात आणि आतले गुळगुळीत, हिरवट-तांबूस खोड उघडे पडते. कोवळी डहाळी बोटांत फिरवून पाहावी, ती गोल नसून चौकोनी लागते. पाने समोरासमोर असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूस शिरा ठळक उठून दिसतात. जांभळाचीही पाने समोरासमोरच असतात, पण ती चकचकीत असून पानाच्या कडेलगत एक बारीक शीर कडेला समांतर धावते, आणि पान चुरगाळल्यास टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो. आंब्याची पाने एकाआड एक असली तरी डहाळीच्या टोकाशी दाटीने येतात, नवी पालवी तांबूस असते आणि चुरगाळलेल्या पानाला कैरीची आठवण करून देणारा वास असतो. लिंबाच्या कुळातले कोणतेही पान उजेडासमोर धरावे: तेलाचे असंख्य बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, आणि पुष्कळ जातींत पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पट्टी असते.

तुती नवख्याला सर्वांत जास्त चकवते, कारण एकाच झाडावर, कधी एकाच फांदीवर, एक पान अखंड हृदयाकृती तर शेजारचे खोल कातरलेले असते. ही दोन वेगळी झाडे आहेत असे समजून दोन नोंदी करणारेही भेटतात. पान तोडल्यावर देठातून पांढरा चीक येतो का, तेही पाहावे. पपईच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. तिची नर आणि मादी झाडे बहुधा निराळी असतात. लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस असतील तर ते झाड नर समजावे आणि त्याच्यापुढे ‘फळे येतात’ असे लिहू नये. वर्षभर कोणी वाट पाहून निराश होण्यापेक्षा ही एक ओळ आधी लिहिलेली बरी.

एका खुणेवर कधीही विसंबू नये. पान, साल आणि फूल किंवा फळ अशा किमान तीन खुणा जुळल्या तरच नाव लिहावे, आणि चव घेऊन ओळखण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, हिरवे फळ शोभेचे आणि निरुपद्रवी वाटते, पण त्या झाडाचे सर्वच भाग विषारी असून त्यातील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात. मोगली एरंडाच्या बिया चवीला वाईट लागत नाहीत, म्हणून मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. मुलांना सोबत नेणार असाल तर फळझाडांच्या आधी ही दोन झाडे आणि गुंजेचा वेल त्यांना दाखवावा.

मोबाईलवरची ओळख-अ‍ॅप उपयोगी आहेत, मात्र त्यांचे उत्तर हा अंदाज समजावा. आयनॅचरलिस्ट हा उपक्रम 2008 मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाला. तेथे छायाचित्रावरून नाव सुचवले जाते आणि नंतर इतर जाणकार ते तपासतात. कोणी लावलेले झाड तेथे टाकताना ते लागवडीचे आहे अशी खूण जरूर करावी, म्हणजे रानात आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींच्या नोंदींत त्याची भेसळ होत नाही. एकच दुरून घेतलेले चित्र पुरत नाही. संपूर्ण झाड, खोडाची साल, पानाच्या दोन्ही बाजू, डहाळीवरील पानांची मांडणी, आणि असल्यास फूल किंवा फळ, अशी चित्रे घ्यावीत.

नोंद कशी करावी, हे नमुन्यावरून लवकर कळेल: “तुती, एक झाड, उंची सुमारे दोन मजले. मैदानाच्या पूर्वेकडील भिंतीच्या आत, फांद्या पदपथावर. फळ गडद जांभळे, गोड. पहिली फळे 12 मार्चला, शेवटची 9 एप्रिलला. मैदान सार्वजनिक, देखभाल करणाऱ्यांना विचारले, जमिनीवरून हात पुरेल तेवढे घेण्यास हरकत नाही म्हणाले.” यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, आणि बहुतेक नोंदींत नेमके तेच नसते.

ठिकाण अक्षांश-रेखांशांत देणार असाल तर दशांश चिन्हानंतर पाच अंक पुरेत. विषुववृत्तावर पाचव्या अंकाचा एक घटक म्हणजे सुमारे 1.1 मीटर, आणि दाट फांद्यांखाली मोबाईलचे स्थानमापन इतके अचूक नसतेच. म्हणून आकड्यांसोबत ‘भिंतीच्या आत’, ‘विहिरीच्या डाव्या हाताला’ असे शब्दही लिहावेत. आपल्या किंवा दुसऱ्याच्या अंगणातले छायाचित्र पाठवण्यापूर्वी त्यातील स्थानाची माहिती काढून टाकावी, कारण ती चित्राच्या फाइलमध्ये न दिसता साठवलेली असते आणि घराचा ठावठिकाणा उघड करते.

नोंद कोठे ठेवायची हे तुमच्या गरजेवर ठरेल. चार शेजाऱ्यांपुरती वही पुरते. जगभर खुला असलेला नकाशा हवा असेल तर 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर एकेक झाड दाखवता येते, आणि फॉलिंग फ्रूट हा 2013 पासूनचा नकाशा तर खाण्याजोग्या झाडांसाठीच आहे. झाड सार्वजनिक जागेत आहे, खासगी जागेतून बाहेर झुकले आहे, की मालकाने स्वतःहून खुले केले आहे, हेही तेथे नोंदवता येते. ही सोय वापरावी, आणि खासगी झाड मालकाच्या होकाराशिवाय कोणत्याही खुल्या नकाशावर टाकू नये.

हद्दीबाहेर झुकलेल्या फांदीचे फळ कोणाचे, याबद्दल ठामपणे बोलणारे पुष्कळ असतात, परंतु कायदे सर्वत्र सारखे नाहीत. इंग्लंडमध्ये शेजारच्या हद्दीत आलेल्या फांदीवरचे फळही झाडाच्या मालकाचेच राहते. जर्मनीच्या नागरी संहितेनुसार शेजारच्या जमिनीत गळून पडलेले फळ त्या शेजाऱ्याचे होते, मात्र ती जमीन सार्वजनिक वापराची असेल तर हा नियम लागू होत नाही. तेव्हा कायद्याचा आधार शोधण्यापेक्षा दार ठोठवावे. “आपल्या झाडाखाली बरीच फळे वाया जाताना दिसली, आम्ही उतरवून दिली तर चालेल का?” असे विचारल्यास पुष्कळ जण आनंदाने हो म्हणतात, कारण सडलेली फळे झाडणे हे त्यांच्याही कंटाळ्याचे काम असते. नकार आला तर आभार मानून निघावे आणि ते झाड नोंदीतून वगळावे.

काही झाडे होकार असूनही वगळावीत. रेल्वेमार्गालगतची, सांडपाण्यात मुळे असलेली, नुकतीच औषधफवारणी झालेली आणि जुन्या कारखान्यांच्या जमिनीवरची झाडे या यादीत येतात. मातीत शिसे असले तरी पालेभाज्यांच्या व कंदांच्या मानाने ते फळांच्या गरात कमी उतरते. रस्त्याकडेच्या फळावर बसलेली धूळ हा मोठा धोका असतो, म्हणून अशी फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत.

फळ उतरवण्यापूर्वी ते तोडल्यावर पिकणारे आहे की नाही हे माहीत असावे. आंबा, चिकू, सीताफळ, पपई आणि केळी तयार झाल्यावर झाडावरून काढली तर घरी पिकतात. जांभूळ, तुती, डाळिंब, द्राक्षे आणि लिंबाच्या कुळातली फळे तोडल्यानंतर गोड होत नाहीत, म्हणून ती कच्ची ओरबाडणे म्हणजे निव्वळ नासाडी आहे. आंबा देठासह काढावा, कारण देठ तुटताच उडणारा चीक कातडी भाजतो आणि फळावर काळे डाग पाडतो. फांदी वाकवून मोडू नये. आंब्याचा मोहोर डहाळीच्या टोकालाच येतो, त्यामुळे मोडलेल्या टोकाबरोबर पुढचा मोहोरही जातो. जांभळाच्या फांद्या ठिसूळ असतात, तेव्हा त्यांवर चढू नये. लांब काठीला जाळी लावलेला झेला वापरावा किंवा खाली स्वच्छ चादर धरून फांदी हलकेच हलवावी. शेंड्याकडची फळे पाखरांसाठी राहू द्यावीत.

वाटणीचा हिशेब आधीच ठरलेला असावा. टोरोंटोतील ‘नॉट फार फ्रॉम द ट्री’ हा 2008 पासूनचा उपक्रम फळांचे तीन वाटे करतो: एक झाडाच्या मालकाचा, एक उतरवणाऱ्यांचा आणि एक गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थांचा. ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण तिच्यात कोणावरही उपकार होत नाहीत. फळ देताना त्याचे नाव आणि तोडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी. स्टारफ्रूट असेल तर मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते मुळीच खाऊ नये, ही सूचना न विसरता द्यावी. त्यांच्यासाठी ते जीवघेणे ठरू शकते.

फळाऐवजी रोप वाटायचे असेल तर तुती, अंजीर आणि डाळिंब यांची पेन्सिलीइतक्या जाडीची छाट कलमे सहज मुळे धरतात. बियांपासून वाढवलेला पेरू किंवा आंबा मूळ झाडासारखाच निघेल याची खात्री नसते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. लिंबाच्या कुळातली कलमे मात्र ओळखीपाळखीत देऊ-घेऊ नयेत. सिट्रस ग्रीनिंग हा रोग कलमांच्या काड्यांतून आणि एका बारीक रस शोषणाऱ्या किडीमार्फत पसरतो, त्यावर उपाय नाही, आणि झाडाला लागण झाली तरी दीर्घकाळ वरून कळत नाही. असे रोप हवे असेल तर तपासणी झालेल्या रोपवाटिकेतूनच घ्यावे.

वर्षातून एकदा प्रत्येक झाडापाशी पुन्हा जावे. तोडलेल्या झाडाची नोंद त्याच दिवशी काढावी, घर विकले गेले असेल तर नव्या मालकाची परवानगी नव्याने घ्यावी, आणि पहिल्या फळाची तारीख जुनीच्या खाली लिहावी. चार-पाच तारखा एकाखाली एक आल्या की त्या झाडापाशी कोणत्या आठवड्यात टोपली घेऊन जायचे, हे वहीतूनच कळू लागते.