थोराड बाळाला उलट्या सीटवरच ठेवायचं आहे? आधी ही तयारी करा

दीड वर्षाचं पोर अडीच वर्षांचं दिसतं, पाय गाडीच्या सीटला टेकायला लागलेत, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आता तरी सरळ बसवा त्याला, किती अवघडलंय!" हे बोलणं मनावर घेऊन पाठमोऱ्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असलेल्या, कार सीटचं तोंड पुढे करण्याआधी घरातली मोजपट्टी आणि वजनकाटा बाहेर काढा. अंगानं थोराड मुलांच्या बाबतीत बहुतेक निर्णय डोळ्यांच्या अंदाजानं होतात, आणि तो अंदाज हमखास चुकतो.

मापं तीन घ्यायची. वजन, नेहमीच्या कपड्यांत. उंची, अनवाणी, भिंतीला पाठ लावून. तिसरं माप सहसा कुणी घेत नाही, पण खरा निकाल तेच लावतं: बसल्यावरची उंची. बाळाला जमिनीवर भिंतीला टेकून ताठ बसवा, डोक्यावर एक पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत मोजा. ९२ सेंटिमीटर उंचीची दोन मुलं घेतली तर एकाची उंची पायांत असते, दुसऱ्याची धडात. पायांनी उंच असलेलं मूल त्याच सीटवर आणखी कितीतरी महिने आरामात मावतं. लांब धडाच्या मुलाची सीट मात्र वजनाची मर्यादा गाठण्याच्या बरीच आधी अपुरी पडते. तिन्ही आकडे तारखेसकट फोनमध्ये लिहून ठेवा.

आता सीटवरचं स्टिकर वाचा, आणि मॅन्युअल शोधून काढा. हरवलं असेल तर मॉडेल नंबर टाकून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या सीटला दोन वेगळ्या मर्यादा असतात, पाठमोरं बसवण्याची एक आणि समोर तोंड करून बसवण्याची दुसरी. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा दुसरा असतो. अमेरिकी बनावटीच्या सीटवर पाठमोऱ्या वापरासाठी बरेचदा ४० किंवा ५० पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १८ किंवा पावणेतेवीस किलो. युरोपच्या आर१२९ नियमाखालच्या सीटवर आधी सेंटिमीटरमध्ये उंची असते, मग किलोमध्ये वजन. उंची आणि वजन यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल, तिथे त्या दिशेचा वापर संपला. आर१२९ नियमात १५ महिन्यांपर्यंत बाळाला पाठमोरंच बसवण्याची सक्ती आहे. गंमत म्हणजे अनेकांनी त्याचा अर्थ '१५ महिने झाले की सीट वळवायची' असा लावून घेतलाय. तो किमान कालावधी आहे, सीट वळवण्याचा मुहूर्त नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत पाठमोरं बसवा असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयाचा आकडाच काढून टाकला आणि सीटची मर्यादा संपेपर्यंत ठेवा असं म्हटलं. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत मुलं पाठमोरी बसतात आणि तिथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

घरच्यांना पटवायचं असेल तर मानेबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. जन्मतः बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ चौथा भाग असतं, आणि पुढची काही वर्षं ते अंगाच्या मानाने मोठंच राहतं. मानेचे मणके या वयात पूर्ण हाडाचे झालेले नसतात. त्यांचे तुकडे कूर्चेनं जोडलेले असतात आणि ते पक्के व्हायला तीन ते सहा वर्षांचं वय उजाडतं. गाडी समोरून धडकली की समोर तोंड करून बसलेल्या मुलाचे खांदे पट्टे धरून ठेवतात, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या मुलाचं डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात, म्हणून जोर सगळीकडे वाटला जातो. थोराड मुलाबद्दल माझं म्हणणं एवढंच की वजनकाटा पुढे गेला म्हणून मणके पुढे जात नाहीत. १४ किलोच्या दीड वर्षाच्या बाळाची मान दीड वर्षाचीच असते. मुलांना पाठमोरं बसवण्याच्या कल्पनेचा उगमही मजेशीर आहे. स्वीडिश संशोधक बर्टिल आल्डमन यांना जेमिनी या अमेरिकी अंतराळयानांतल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून ती सुचली, कारण उड्डाणाचा जोर अंतराळवीर पाठीवर झेलतात. १९६४ मध्ये अशा सीटचा पहिला नमुना व्होल्वोच्या गाडीत तपासला गेला.

पाय दुमडतात, याची काळजी सोडून द्या. पाठमोऱ्या मुलांना पायाच्या दुखापती क्वचितच होतात. पाय मोठे झाले की मुलं मांडी घालतात, नाहीतर गाडीच्या सीटवर तळवे टेकवून गुडघे वर करतात, कधी दोन्ही पाय बाजूंना सोडून देतात. जमिनीवर खेळताना ती अशीच तर बसतात. अवघडल्याची तक्रार सहसा मोठी माणसंच करतात, कारण आपल्याला तसं बसता येत नाही. सीट अपुरी पडल्याची खूण पायांत नाही, डोक्यात शोधायची.

ती कशी बघायची? बाळाला नेहमीसारखं पट्टे लावून बसवा, बूड पूर्ण मागे सरकलंय ना ते बघा, आणि डोक्यावर एक कडक पुठ्ठा आडवा धरा. पुठ्ठ्यापासून सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत किती जागा उरते? बऱ्याच सीटच्या मॅन्युअलमध्ये किमान एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, सांगितलेली असते. काहींमध्ये हेडरेस्टच्या कडेपासून मोजायचं असतं, तर काही निर्माते वेगळीच खूण देतात. तुमच्या सीटचं मॅन्युअल सांगेल तेच खरं. हेडरेस्ट वर सरकवता येत असेल तर आधी ती पूर्ण वर करून मग मोजा. मूल मावेनासं झालं म्हणून नवी सीट शोधायला निघावं, आणि हेडरेस्टचे दोन टप्पे शिल्लकच असावेत, असं पुष्कळदा होतं.

त्याच वेळी खांद्यांकडे बघा. पाठमोऱ्या सीटमध्ये पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. समोर तोंड असताना हेच उलटं होतं, तिथे पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा थोडे वरून यावे लागतात. म्हणून खांदे सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेले एवढ्यानं पाठमोरी सीट लगेच बाद होत नाही. डोक्यावरची जागा शिल्लक असेल आणि मॅन्युअलची ना नसेल, तर चालतं. पट्टे घट्ट केल्यावर खांद्याजवळ पट्ट्याची उभी चुणी चिमटीत धरून बघा. चुणी आली तर अजून ओढा. गुबगुबीत मुलाचा पट्टा मांडीच्या वळीत अडकून राहतो आणि वरून घट्ट वाटतो, म्हणून आधी कमरेची ढिलाई वर ओढून घ्यायची, मग पुढचं टोक खेचायचं. जाड जॅकेट सीटवर नकोच. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला. बकलचा मधला पट्टा मांड्यांमध्ये रुतत असेल तर त्याची पुढची खाच आहे का ते पाहा.

आहे ती सीट खरोखरच अपुरी पडणार असेल आणि नवी घ्यायची असेल, तर नुसत्या वजनाच्या आकड्यावर भाळू नका. थोराड मुलासाठी सीटच्या पाठीची उंची, हेडरेस्ट पूर्ण वर केल्यावर बसायच्या जागेपासूनची उंची आणि खांद्यांपाशी रुंदी, ही तीन मापं दुकानात पट्टी लावून घ्या. बसल्यावरची उंची फोनमध्ये आहेच. आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच बसवलेल्या, हुकांवर बसणाऱ्या आर१२९ सीटला आणखी एक गणित आहे: मूल आणि सीट मिळून ३३ किलोच्या वर जायचं नाही. सीट १५ किलोची असेल तर मुलाच्या वाट्याला १८ किलो उरतात. गर्रकन दाराकडे वळणाऱ्या सीट सोयीच्या खऱ्या, पण त्या स्वतःच जड असतात, त्यामुळे वजनदार मुलाची मर्यादा तिथे लवकर संपते. गाडीच्या सीटबेल्टनं बांधायच्या सीटना हा हिशोब लागत नाही. त्यांतल्या काही १२५ सेंटिमीटर आणि ३६ किलोपर्यंत पाठमोऱ्या चालतात. माझा कौल स्पष्टपणे यांना आहे. बांधायला दहा मिनिटं जास्त लागतील, तेवढी लागू देत.

पैसे देण्याआधी सीट तुमच्याच गाडीत बसवून बघा. मोठ्या बाळाची पाठमोरी सीट पुढच्या सीटला ढकलेल, ही भीती निम्मी खोटी आहे. नवजात बाळाला श्वासासाठी बरंच कललेलं बसवावं लागतं, पण मान धरून बसणाऱ्या मुलाची सीट मॅन्युअल देईल तेवढी उभी करता येते, आणि ती उभी झाली की पुढची जागा मोकळी होते. ड्रायव्हर उंच असेल तर सीट त्याच्या मागे न लावता दुसऱ्या बाजूला लावा. पुढच्या सीटला ती टेकली तर चालते की नाही, हे सीट आणि गाडी दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये पाहा. सीटला आधाराचा पाय असेल तर तो जमिनीवर ठाम टेकायला हवा. पायाखाली सामानाचा चोरकप्पा असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते तपासा, कारण त्याचं झाकण जोर पेलेलच असं नाही. आणि चालू एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीही नाही. यात पर्याय नाही.

बसवून झाली की बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून डावी-उजवी आणि पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. पाठमोऱ्या सीटचं वरचं टोक मात्र थोडं डुलतं, तिथे धरून जोर काढण्यात अर्थ नाही.

मग रोजच्या वापराची तयारी. १५ किलोचं मूल उचलून वळवून बसवणं म्हणजे कंबरेची परीक्षा. चालता येणाऱ्या मुलाला स्वतः चढू द्या, पायरीसारखा हात द्या, वळायला मदत करा. शक्यतो रस्त्याच्या कडेकडच्या दारानं चढवा. बाहेरचं दिसत नाही म्हणून ते रडेल, असं गृहीत धरू नका. उभ्या केलेल्या सीटवरून मागच्या आणि बाजूच्या काचेतून त्याला पुष्कळ दिसतं. बाजूच्या काचेवर ऊन येत असेल तर पातळ जाळी लावा. गाडी लागत असेल तर खाणं आणि प्रवास यांत अंतर ठेवा आणि काच थोडी खाली करा. हातात टणक खेळणी देऊ नका, धक्क्याबरोबर तीही उडतात.

'मागून ठोकलं तर?' हा प्रश्न येणारच. गंभीर धडकांत समोरून होणाऱ्या जास्त असतात, मागून बसणाऱ्या धक्क्यांचा जोर बहुतेक वेळा कमी असतो, आणि अशा वेळीही पट्टे मुलाला धरून ठेवतात. एवढं सांगून विषय संपवा. आजी-आजोबा किंवा दुसरं कुणी मुलाला नेत असेल तर सीटची दिशा, पट्ट्याची खाच आणि बकलचा फोटो त्यांच्या फोनमध्ये पाठवून ठेवा. तोंडी सूचना घाईत विसरल्या जातात.

दर दोन-तीन महिन्यांनी मापं पुन्हा घ्या. ज्या दिवशी उंची, वजन किंवा डोक्यावरची जागा यांपैकी एक जरी मर्यादा संपेल, त्या दिवशी सीट वळवा, त्याआधी नाही. वळवताना समोर तोंड करून, पाच ठिकाणी धरणाऱ्या पट्ट्यांच्या सीटवर जा आणि वरचा टेदर पट्टा, म्हणजे सीटचं वरचं टोक गाडीला बांधणारा पट्टा, असेल तर तो अवश्य अडकवा. थोराड मुलाला बघून लोक थेट बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायचं आसन, सुचवतात. आर१२९ मध्ये पाठ असलेला बूस्टरही १०० सेंटिमीटरपासूनच सुरू होतो, आणि उंची भरली तरी बेल्ट लावून सगळा प्रवास स्थिर बसण्याची समज त्या वयात नसते.

जुनी सीट धाकट्यासाठी किंवा ओळखीतल्या कुणासाठी ठेवणार असाल, तर तिच्या तळाशी कोरलेली मुदतीची किंवा उत्पादनाची तारीख आधी वाचा. एखाद्या अपघातातून गेलेली सीट पुढे देऊ नका. मुदत उलटलेली असेल तर तिचे पट्टे कात्रीनं कापून मगच टाकून द्या, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.