ठिय्यावर उभं राहून मत्तय २० कसा वाचायचा

मी समाजशास्त्रवाला, आणि दर रविवारी नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये पण असतो. कॉलेजातले म्हणतात श्रद्धा गेटबाहेर ठेव, मंडळीतले म्हणतात पोरगं शिकून बिघडलं. दोन्ही जमतं हो, फक्त सवय लावावी लागते.

लेख लिहायचा तर साधी वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे बायबलचं वचन, प्रार्थना, राग, काय असेल ते. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे जायचंच नाही, बाकी सगळं कमीजास्त चालतं.

आता बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (संध्याकाळी कामाला लागलेल्यालाही मालक पूर्ण दिवसाचीच मजुरी देतो), लहानपणापासून शंभरदा ऐकलेला, संदेश ठरलेला, देवाची कृपा. मग एकदा सकाळी मजुरांच्या ठिय्यावर, म्हणजे रोजाचं काम मिळायची वाट पाहत ते उभे असतात तिथे, नुसता जाऊन उभा राहिलो. गवंड्याची थापी पिशवीतून मुद्दाम बाहेर काढलेली, पेंटरच्या हातात ब्रश, म्हणजे कोण काय काम करतो ते विचारायलाच नको. गाडी थांबली की सात-आठ जण धावतात, बाया मागेच राहून जातात, अन् ऊन चढलं की मजुरीचा आकडा खाली येतो. एका काकांना विचारलं अजून घरी नाही गेले का, तर म्हणे, "कोणी नेलंच नाही ना बापा."

घरी येऊन मत्तय उघडला तर संध्याकाळपर्यंत उभे राहिलेले मजूर मालकाला अगदी हेच सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही! इतकी वर्षं हे वाक्य मी वाचून पुढे जात होतो. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तेच, एकटा बेकार असला तर त्याची अडचण, हजारो असले तर समाजरचनेचा प्रश्न. आता कृपेवर लिहा, वजन येतं.

माझी चूक सांगतो, डावीकडे "बिचारे गरीब" लिहून मोकळा झालो होतो. विशेषणं उजवीकडे!

नागपूरकरांना तर घरचंच उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ ला मिशनरी म्हणून इथे आले अन् गोंडांची गाणी उतरवून घेतली, त्यांचे कागद मृत्यूनंतर १८६६ ला छापून आले. त्यात मिशनऱ्याची नजर आहेच, ते वाचताना रेघ आपणच मारायची.

चर्चमध्येही वही काढा (उपासना सुरू असताना नाही, मार खाल). दानपिशवी कोण फिरवतं, सतरंज्या कोण गोळा करतं, लग्न जुळवताना जुनी जात कोण हळूच विचारतं. उजवीकडे बायबलातलं गलतीकरांस पत्र ३:२८, ख्रिस्तात सगळे एक. डावीकडे १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, ज्यात ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही. लेख या दोन ओळींच्या मधूनच निघतो, घाईघाईत जुळवून टाकू नका.

अन् ठिय्यावर फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत, चहा आपण पाजायचा. मी पहिल्या दिवशी त्या काकांच्याच पैशाचा पिऊन आलो होतो.