वळवाच्या ढगात वीज कशी तयार होते, आणि रानात असताना काय करायचं

मे महिन्यातल्या दुपारी फुलकोबीसारखा ढग उभा राहिला आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरू लागला, की आत वीज तयार होते आहे असं समजायचं. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगानं वर चढते. उणे १० ते उणे २० अंशांच्या थरात मऊ गारांचे कण आणि बारीक हिमकण एकमेकांवर आपटतात. हलके हिमकण धन भार घेऊन माथ्याकडे जातात, जड गारकण ऋण भार घेऊन खाली राहतात.

हवा एरवी वीज वाहू देत नाही. भार फार साचला की तिचा रोध मोडतो आणि ढगातून साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, फांद्या फोडत एक अंधूक वाट खाली उतरते. ती जमिनीजवळ आली की झाडाचा शेंडा, विजेचा खांब, मोकळ्या रानात उभ्या माणसाचं डोकं यांतून वर ठिणगी निघते. दोन्ही जिथे भेटतात तिथे वीज पडते. सुमारे ३०,००० अँपिअर प्रवाह, ३०,००० अंशांच्या आसपास तापमान. हवा एकदम फुगते, तोच कडकडाट.

लखलखाट दिसला की सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तिसाच्या आत आवाज आला तर हातातलं खुरपं ठेवून निघा. पावसाची वाट बघू नका, कारण ढगापासून दहा किलोमीटरवरच्या कोरड्या रानातही वीज पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते आधीच घेऊन ठेवा.

पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी गाठा. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड, मांडव, बिनकेबिनचा ट्रॅक्टर हे आसरे नव्हेत. बांधावरचा आंबा किंवा लिंब तर नाहीच. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी मारते, शिवाय मुळाभोवतीच्या जमिनीत पसरते. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तेवढा विजेच्या दाबाचा फरकही जास्त, आणि प्रवाह छातीतून जातो. झाडाखाली दावणीला बांधलेली जनावरं एकाच वेळी दगावतात ती यामुळेच. ढग दिसताच त्यांना सोडवून गोठ्यात न्या.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला आणि तारेच्या कुंपणाला हात लावू नका. मोबाईल वीज ओढतो हा गैरसमज आहे, चार्जरला लावलेला फोन मात्र वापरू नका. आसरा मिळणारच नसेल तर एकमेकांपासून लांब व्हा, टाचा जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. हा अगदी नाइलाजाचा उपाय. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, बिनधास्त हात लावा. शेण लावण्यात, मातीत पुरण्यात वेळ गेला तर वाचणारा जीव जातो. कण्हणारा तूर्त जिवंत आहे, जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी धावा. श्वास नसेल तर दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत.