नोट्सचं ॲप पक्कं करण्याआधी दोन चाचण्या

सगळ्या विषयांच्या नोट्स नव्या ॲपमध्ये ओतण्याआधी एकच धडा त्यात लिहून बघा. मग फोन विमान मोडवर टाका आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. धडा दिसला नाही, तर ऐन परीक्षेच्या सकाळी नेट गेल्यावरही दिसणार नाही. त्यानंतर तोच धडा पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढून बघा. ही दुसरी चाचणी बहुतेक जण टाळतात आणि पुढे ॲप बदलायची वेळ आली की अडकतात. ऑब्सिडियन हे ॲप नोट्स तुमच्याच उपकरणावर मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतं, त्यामुळे त्या कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतात. समीकरणं, आकृत्या जास्त असतील तर वननोटसारखं स्टायलसने (स्क्रीनवर लिहायच्या पेनने) लिहिता येणारं ॲप बरं. गूगल कीप चटकन टिपून ठेवायला छान, पण त्यात फोल्डर नाहीत, फक्त लेबलं. वर्षभराच्या नोट्स त्यात कोंबू नका.

मुदतीच्या तारखा मात्र कॅलेंडरमध्येच हव्यात. प्रत्येक प्रकल्पाला दोन रिमाइंडर लावा: 7 दिवस आधी कामाला लागण्यासाठी, 1 दिवस आधी जमा करण्यासाठी. कॉलेजच्या ईमेलवरून खातं उघडलं असेल, तर शिक्षण संपल्यावर ते बंद होऊ शकतं. शेवटच्या सत्रातच नोट्स स्वतःच्या खात्यात हलवा.